"सर, स्काऊट तुमच्याकडे बरं का": स्काऊट मास्तर आणि त्याच्या नियमांमागची गोष्ट

आमच्याकडं शाळेत नवा शिक्षक जॉइन झाला की हेडसर त्याला चहा पाजतात, गाव कोणतं, सासुरवाडी कुठली विचारतात आणि कप खाली ठेवायच्या आत सांगून टाकतात, "सर, स्काऊट तुमच्याकडे बरं का." माझं पण असंच झालं, हिंगोली जिल्ह्यातल्या एका शाळेत. मी आयुष्यात कधी स्काऊट केलेलं नव्हतं, रीफ नॉट नावाची गाठ म्हणजे काय ते माहीत नव्हतं, आमच्या लहानपणी २६ जानेवारीला स्कार्फवाली पोरं पुढच्या लाइनीत असायची एवढाच काय तो संबंध. पण कागदावर मी 'स्वयंसेवक' झालो. स्वयंसेवक, तेही हेडसरच्या ऑर्डरनं! जागतिक स्काऊट संघटनेच्या व्याख्येत पहिलाच शब्द 'स्वेच्छेची' चळवळ असा आहे आणि आमच्या तालुक्यात स्वेच्छेनं आलेला मास्तर शोधायला कंदील घेऊन फिरावं लागेल. हे असं का झालं ते बघायचं तर बरंच मागं जावं लागतं.

सुरुवात सगळ्यांना माहितीय, निदान स्काऊट मास्तरांचा बेसिक कोर्स केलेल्यांना तरी, कारण तिथं पहिल्याच दिवशी घोकून घेतात. स्काऊटिंग काढणारा इंग्रज लष्करी अधिकारी बेडन पॉवेल, दक्षिण आफ्रिकेतला माफेकिंगचा २१७ दिवसांचा वेढा, तिथं निरोप पोचवणारी पोरं, मग १९०७ च्या ऑगस्टमधे ब्राउनसी बेटावर वीसेक पोरांचा कॅम्प, त्यात बड्या शाळांतली श्रीमंतांची पोरं आणि कामगारांची पोरं एकत्र, लांडगा, कावळा, बैल आणि कर्ल्यू पक्षी अशी चार पथकं. १९०८ ला त्याचं 'स्काऊटिंग फॉर बॉइज' हे पुस्तक आलं, पंधरा दिवसाला एक भाग असे सहा भाग, किंमत चार पेनी. इथपर्यंत कोर्समधे सांगतात.

जे नीट सांगत नाहीत ते पुढं आहे. बेडन पॉवेलला नवीन संघटना काढायचीच नव्हती म्हणतात, त्याला वाटलं बॉइज ब्रिगेड, वायएमसीए असल्या आधीच्या संघटना हे खेळ उचलतील आणि काम भागेल. पण पोरांनी काय केलं, चार पेनी जमवून भाग विकत घेतले, पाच-सहा जणांचं पथक केलं, काठ्या घेतल्या, गळ्यात रुमाल बांधले आणि निघाली रानात. मोठं माणूस कुणीच नाही. मग त्यांना हॉल पाहिजे, कॅम्पला परवानगी पाहिजे म्हणून पोरंच मोठ्या माणसाच्या शोधात निघाली, कुणी पाद्री धरला, कुणी शेजारचा क्लार्क धरला, आमचे मास्तर व्हा म्हणून. म्हणजे आधी पोरं आणि मग मास्तर. आमच्याकडं बरोब्बर उलटं, आधी मास्तर नेमायचा, मग त्यानं वर्गात जाऊन बत्तीस नावं लिहून आणायची.

पुढं प्रश्न आला की हा जो मोठा माणूस पोरांना घेऊन रात्री तंबूत राहणार त्याची गॅरंटी कोण घेणार. त्यातून वॉरंट आलं. वॉरंट म्हणजे पकडवॉरंट नाही (माझ्या आईला तेच वाटलं होतं, पोस्टानं आलेलं पाकीट तिनं देव्हाऱ्यात ठेवलं होतं दोन दिवस), तर हा माणूस आमचा आहे, याला पथक चालवायचा अधिकार दिलाय असा संघटनेचा कागद. स्थानिक मंडळानं शिफारस करायची, वरच्यांनी द्यायचं आणि गरज पडली तर काढून पण घ्यायचं. हे काढून घेणं किती झोंबू शकतं ते १९०९ लाच दिसलं. लंडनचे स्काऊट कमिशनर सर फ्रान्सिस व्हेन यांचं मुख्यालयाशी वाजलं. त्यांचं म्हणणं असं की मुख्यालयात लष्करी माणसं फार झालीत, स्काऊट मास्तरांना कारभारात आवाज पाहिजे. त्यांना काढून टाकलं आणि ते सरळ दुसऱ्या स्काऊट संघटनेत जाऊन अध्यक्ष झाले. चळवळ दोन वर्षांची नाही तोवर फूट! आपल्याकडच्या मंडळांत असं होतं तेव्हा आपण म्हणतो मराठी माणसाला एकी नाही, तर तसं काही नाही, फुकट काम करणाऱ्या माणसाला निदान विचारलं जावं एवढी अपेक्षा सगळीकडं असते.

१९१२ च्या ऑगस्टमधे लंडनच्या वॉलवर्थ भागातली पोरं मास्तरसोबत बोटीनं कॅम्पला निघाली होती, लेसडाउनजवळ वाऱ्यानं बोट उलटली, नऊ मुलं बुडाली, त्यातले आठ स्काऊट. मृतदेह लंडनला आणायला आरमाराचं जहाज दिलं गेलं, सगळं लंडन रस्त्यावर आलं होतं. पोहता किती जणांना येतं, बोट कुणाच्या हातात आहे, बरोबर मोठी माणसं किती, हे प्रश्न कंटाळवाणे वाटतात ते फक्त तोपर्यंतच. आपल्याकडं २०१६ च्या १ फेब्रुवारीला मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या कॉलेजची १४ मुलं गेली आणि मग शिक्षण खात्यानं सहलींचे नियम कडक केले. आता आम्ही पंधरा किलोमीटरवरच्या देवस्थानाला हाइक काढली तरी पालकांची संमतीपत्रं, परवानगी, यादी, फर्स्ट एडची पेटी. मास्तर लोक कुरकुरतात, मी पण कुरकुरतो, पण फॉर्म भरून घेतो.

पहिल्या महायुद्धात तिकडचे तरणे मास्तर लढाईवर गेले आणि कित्येक ठिकाणी पथकं मोठ्या पोरांनीच चालवली. त्यातून दोन गोष्टी पक्क्या झाल्या असं माझं मत. एक, पथकनायक म्हणजे पेट्रोल लीडर हा शोभेचा नाही, सहा-आठ पोरांचा खरा पुढारी आहे. दुसरी, मोठ्या माणसाला पण ट्रेनिंग लागतं. १९१९ ला मॅक्लारेन नावाच्या स्कॉटिश गृहस्थानं लंडनजवळची गिलवेल पार्कची जागा घेऊन दिली आणि सप्टेंबरमधे मास्तरांचा पहिला वुड बॅज कोर्स झाला. सर्टिफिकेटऐवजी लाकडी मणी दिले, मूळचे झुलू राजा डिनुझुलूच्या माळेतले. ते मणी आपल्याकडं हिमालय वुड बॅज म्हणून मिळतात. दोन मणी एचडब्ल्यूबी म्हणजे हा कोर्स पूर्ण केलेला, तीन मणी एएलटी म्हणजे सहायक प्रशिक्षक, चार मणी एलटी म्हणजे प्रशिक्षक. कॅम्पवर मणीवाले सर आले की बाकीचे आपोआप शर्ट खोचतात.

आता भारत. १९०९ ला बंगळूरला स्काऊटिंग सुरू झालं, पण फक्त गोऱ्या आणि अँग्लो इंडियन पोरांसाठी. देशी पोरांना बंदी, कारण सरळ होतं, देशी पोरांना माग काढायला, सिग्नल द्यायला, शिस्तीत हलायला शिकवलं तर उद्या ती कुणाच्या विरोधात हलतील? मग आपल्या लोकांनी आपलं काढलं. नागपूरचे न्यायमूर्ती विव्हियन बोस, शाहजहानपूरचे श्रीराम बाजपेयी ही सुरुवातीची माणसं. १९१६ ला मद्रासला अ‍ॅनी बेझंट आणि त्यांचे सहकारी अरुंडेल यांची इंडियन बॉय स्काऊट्स, १९१८ ला अलाहाबादला पंडित मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि बाजपेयींची सेवा समिती स्काऊट संघटना. १९२१ ला बेडन पॉवेल स्वतः आला, बेझंटबाईंची संघटना त्याच्या संघटनेत विलीन झाली पण सेवा समितीवाले गेले नाहीत. अडलं कुठं, तर वचनात. राजाशी एकनिष्ठ राहीन असं पोरांनी म्हणायचं का हा खरा वाद होता. पुढं १९३७ च्या भेटीनंतर त्यानं भारतीयांच्या स्वभावाबद्दल काहीतरी हेटाळणीचं बोलून ठेवलं आणि लोक भडकले, १९३८ ला हिंदुस्थान स्काऊट असोसिएशन उभी राहिली. स्वातंत्र्यानंतर नेहरू, मौलाना आझाद, मंगलदास पक्वासा यांनी सगळ्यांना एकत्र बसवलं आणि ७ नोव्हेंबर १९५० ला भारत स्काऊट्स झाली, १५ ऑगस्ट १९५१ ला गाइडवाल्या आल्या तेव्हा नावात 'आणि गाइड्स' लागलं. ७ नोव्हेंबरला आपण जे झेंड्याचे स्टिकर पोरांच्या गळ्यात मारतो ते त्याच दिवसाचे.

मराठवाड्याचं गणित यात जरा वेगळं. आपण तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात. इथं ब्रिटिश मुलखासारखं चार लोक जमले आणि मंडळ काढलं असं सोपं नव्हतं, १९२९ च्या गश्ती निशाण ५३ या निजामाच्या फर्मानामुळं सभा घ्यायची तर आधी सरकारची परवानगी. मग लोकांनी शाळा धरल्या. औरंगाबादचं सरस्वती भुवन १९१५, अंबाजोगाईचं योगेश्वरी १९१७, हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा १९२१. स्वामी रामानंद तीर्थ आधी हिप्परग्याला मास्तर होते, नंतर अंबाजोगाईला, आणि पोरांची शिस्त, श्रमदान, पहाटेचा व्यायाम हे सगळं शाळेच्या आवारात चालायचं. १९३८ ला औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजात वंदे मातरमवरून पोरं उठली तीही होस्टेलमधूनच. मला काय म्हणायचंय, आपल्या भागात गावानं आपलं पोर रात्री ज्याच्यासोबत पाठवावं असा माणूस एकच, तो म्हणजे गुर्जी. हे सरकारनं लादलेलं नाही, त्याच्या आधीचं आहे. म्हणून १७ सप्टेंबर १९४८ नंतर, मग १९५६ ला मुंबई राज्यात गेल्यावर, आणि १९६२ ला जिल्हा परिषदा आल्यावर स्काऊट जेव्हा नीट शाळाशाळांत पोचलं तेव्हा ते गुर्जींच्याच गळ्यात पडलं, दुसरा उमेदवारच कोण होता.

याचा फायदा पण झाला, खोटं कशाला बोला. गणवेश, मैदान, पोरं, घंटा सगळं तयार. पण तोटा असा की संघटनेच्या साखळीत आणि नोकरीच्या साखळीत फरकच राहिला नाही. वर बसलेले आयुक्त बहुधा शिक्षण खात्याचेच साहेब, त्यामुळं मास्तर त्यांना स्वयंसेवक म्हणून प्रश्न विचारत नाही, कर्मचारी म्हणून हो म्हणतो. एपीआरओ नावाचं नियमाचं पुस्तक आहे, ध्येय, धोरण, नियम, संघटन सगळं त्यात, ते आमच्या शाळेत आलमारीत होतं आणि तिची चावी रिटायर्ड सरांच्या घरी.

नियमांतला एक मुद्दा मात्र आलमारीत ठेवण्यासारखा नाही. अमेरिकेत स्काऊट संघटना १९२० च्या दशकापासून नको त्या मास्तरांच्या गुप्त फायली ठेवायची, म्हणजे कोण माणूस पोरांजवळ येऊ द्यायचा नाही ते त्यांना माहीत असायचं, पण बऱ्याचदा पोलिसांना, पालकांना सांगायचं नाही. १९८० च्या दशकात तिथं नियम आला की पोरांसोबत किमान दोन मोठी माणसं पाहिजेत, एकटा मोठा आणि एकटं पोर असं कधीच नको. २०१२ ला कोर्टानं १,२०० हून जास्त फायली उघड करायला लावल्या. २०२० ला संघटना दिवाळखोरीत गेली, ८२,००० वर लोकांनी लहानपणी अत्याचार झाल्याचे दावे केले, समझोता २४६ कोटी डॉलरचा. आपल्याकडं २०१२ पासून मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पोक्सो कायदा आहे. पण त्या दोन मोठ्या माणसांचं काय करायचं? आमच्या शेजारच्या वाडीवर शाळाच दोन शिक्षकांची, एक बीएलओच्या म्हणजे मतदार यादीच्या कामाला गेला की दुसरा एकटा. तिथले सर कॅम्पला गावातल्या एका पोराच्या वडलांना सोबत घेतात, शेतातली कामं संपली असली तरच. आमच्याकडं 'अहो ते गुर्जी आहेत' एवढ्यावर सगळी चौकशी संपते, आणि मला स्वतःला गुर्जी असून हे बरोबर वाटत नाही. व्हेन साहेबांच्या भांडणापासून प्रश्न तोच आहे, या माणसाची खात्री कोण देतं, आणि आपण तो कधी विचारलाच नाही कारण खात्री आधीच दिलेली होती.

आणि गाइडचं वेगळंच. १९०९ ला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या मेळाव्यात मुली न बोलावता स्काऊटचे कपडे घालून आल्या, म्हणून १९१० ला गर्ल गाइड्स निघाली, पॉवेलची बहीण अ‍ॅग्नेस पुढं. गाइड कॅप्टन बाईच पाहिजे हा नियम आपल्याकडं पण आहे आणि योग्यच आहे, पण ज्या शाळेत मॅडम नाहीत तिथं गाइड कंपनी निघत नाही, मग मुली मैदानाच्या कडेला बसून पोरांच्या गाठी बघतात. माझ्या शाळेत पहिली दोन वर्षं असंच झालं. सातवीतली एक पोरगी आमच्या पोरांपेक्षा भारी बोलाइनची गाठ मारायची, नुसती बघून शिकलेली, सुतळी दप्तरातच ठेवायची. मॅडम आल्या तिसऱ्या वर्षी, तोवर ती तालुक्याच्या हायस्कूलला गेलेली.

खरी कमाईचं सांगायचं राहिलं. इंग्लंडात १९४९ पासून बॉब अ जॉब म्हणून होतं, लोकांची छोटी कामं करा आणि एक शिलिंग घ्या, आपल्याकडं तीच कल्पना खरी कमाई म्हणून रुजली, फक्त कामाच्या जागी भेळ आली. मागच्या वर्षी आमच्या पोरांनी शाळेत भेळ, मिसळ, ताक असे स्टॉल लावले. हिशोब करायला मी कोर्ट ऑफ ऑनर भरवलं, म्हणजे पथकनायकांची सभा, पुस्तकात लिहिल्याप्रमाणे, मास्तरनं गप्प बसायचं आणि पोरांनी ठरवायचं. चौघं नायक चटईवर बसले, चिल्लरचा ढीग मधे. ताकवाल्यांचा तोटा होता कारण अर्धं ताक त्यांनीच पिलं होतं. त्यावर पाऊण तास वाद झाला, शेवटी ठरलं की ताकवाल्यांनी तोटा भरायचा नाही पण पुढच्या कॅम्पला भांडी घासायची. माझ्याकडं वळून एकानं विचारलं, "सर, तुम्ही पण दोन ग्लास पिले होते ना?" मी हो म्हणलं. त्यानं वहीत भांडीवाल्यांच्या यादीत माझं नाव लिहिलं.