खेळ करणाऱ्यांची मुलं आणि शाळेचा दाखला

राजवाड्यापाशी दोरीवर चालणारी पोरं दिसली की आपल्या इंदूरच्या ग्रुपांवर फिरतं, ‘ह्यांचा जन्मदाखला नसतो, म्हणून शाळेत घेत नाहीत.’ खूप जणांना हे खरंच वाटतं, पण तसं नाहीये. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, ६ ते १४ वयाच्या सगळ्या मुलांसाठी. त्याचं कलम १४ सांगतं की वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारायचा नाही. बरं, १० वर्षांची पोर कधी शाळेतच गेली नसेल तर? कलम ४ प्रमाणे ती वयाच्या हिशोबानेच वर्गात बसते, मागचं भरून काढायला वेगळी शिकवणी पण मिळते, आणि गाव बदललं, टीसी (आधीच्या शाळेचा सोडल्याचा दाखला) यायला उशीर झाला तरी कलम ५ मुळे अडवता येत नाही. कायदा नेटवर हिंदीत आहे, ही तीन कलमं स्वतः वाचा, आणि कुठली शाळा परत पाठवत असेल तर कलम दाखवून कारण लेखी मागा.