पिवळा आणा, तांबडा पैसा: नाण्याचा रंग सरकारनं बदलला की माणसानं?

देवघरातली जुनी डबी उपडी केली की अनेक घरांत दोन एक-आणे शेजारी शेजारी पडतात. कड नागमोडी, माप एकच. एक पांढरट, १९४० सालचा. दुसरा पिवळाधमक, १९४३ चा. पिवळ्याकडे बोट दाखवून कुणीतरी म्हणतं, "हा दुर्मीळ असणार, रंगच वेगळा आहे." तो दुर्मीळ नाही. पण रंगावर नजर अडकली हे बरोबरच झालं, कारण आपल्याकडच्या चिल्लरीचा रंग गेल्या शंभर वर्षांत अनेकदा बदलला आणि त्यामागे बहुधा धातूची टंचाई किंवा महागाई होती.

आण्याचं नाणं १९०७ पासून तांबं आणि निकेलच्या मिश्रणात पाडलं जाऊ लागलं. म्हणून ते पांढरं. पहिल्या महायुद्धात चांदी आटली तेव्हा दोन आणे, चार आणे आणि आठ आणेही याच पांढऱ्या मिश्रणात आले, आणि १९१७ मध्ये एक रुपयाची कागदी नोट निघाली. दुसऱ्या महायुद्धात निकेलचीच ओढाताण सुरू झाली, कारण शस्त्रांच्या पोलादाला ते लागतं. मग १९४२ पासून अर्धा आणा, एक आणा आणि दोन आणे निकेल-पितळेत पाडले गेले. पितळेत थोडंसंच निकेल, त्यामुळे रंग पिवळा. १९४६ मध्ये नाणी पुन्हा पांढरी झाली. म्हणजे १९४२ ते १९४५ एवढ्याच सालांचा आणा पिवळा असणं स्वाभाविक आहे. १९४० चा आणा पिवळा दिसला तर मात्र थांबून पाहावं. त्याच युद्धानं भोकाचा पैसा दिला, कारण भोकाएवढं तांबं वाचत होतं. त्याच युद्धानं १९४० मध्ये रुपयातली चांदीही जवळपास ९२ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर आणली.

नाणं पारखणं आपल्याला नवं नाही. मराठेशाहीत ठिकठिकाणच्या टांकसाळींचे रुपये एकाच बाजारात फिरत. चांदवडचा चांदवडी, अंकुशाची खूण असलेला अंकुशी, असे कितीतरी. ते पारखून घेण्याचं काम पोतदाराचं आणि सराफाचं. कमी कसाच्या रुपयावर बट्टा कापला जाई. 'नावाला बट्टा लागला' हे आपण अजून म्हणतो ते तिथूनच. सराफ नाणं दगडावर वाजवत, कसोटीवर घासत, तोलत आणि पारख झाली की त्यावर बारीक ठसा मारत. जुन्या रुपयांवर असे ठसे आजही दिसतात. या सगळ्यात नुसत्या रंगावर विसंबण्याची पद्धत नव्हती, आणि मला वाटतं आजही तीच शिस्त पाळायला हवी.

स्वातंत्र्यानंतरचा गोंधळ जास्त आहे. १ एप्रिल १९५७ ला दशमान पद्धत आली तेव्हा नया पैसा ब्राँझचा, म्हणजे तांबडा होता. १९६२ मध्ये तो निकेल-पितळेत आला, त्यामुळे त्या एका सालचे तांबडे आणि पिवळे दोन्ही पैसे अस्सल आहेत. १९६५ पासून पैसा ॲल्युमिनियमचा, चौकोनी झाला. वजन दीड ग्रॅमवरून पाऊण ग्रॅमवर उतरलं. दहा पैसे आधी पांढरे, १९६८ ते १९७१ पिवळे, मग ॲल्युमिनियमचे, आणि १९८८ पासून स्टेनलेस स्टीलचे.

१९६८ चं कमळाचं वीस पैशांचं नाणं पिवळं, देखणं होतं. त्यात सोनं आहे अशी समजूत अजून ऐकू येते. त्यात निकेल-पितळ आहे, सोन्याचा कण नाही.

सरकारनं बदललेले रंग एवढे. उरलेले बहुतेक रंग माणसाच्या नाहीतर मातीच्या हातचे. पितळेचं नाणं खाऱ्या किंवा आंबट ओलाव्यात राहिलं की पृष्ठभागावरचं जस्त निघून जातं आणि खाली तांबडेपणा उरतो. नदीच्या गाळातून निघालेलं नाणं गंधकाच्या संयुगांनी काळं पडतं. चिंच, लिंबू-मीठ लावून घासलं की तांबं अनैसर्गिक गुलाबी दिसतं, आणि संग्राहकाच्या दृष्टीनं नाण्याची किंमत तिथेच उतरते. एके काळी प्रयोगशाळेतला पारा तांब्याच्या नाण्यावर चोळून ते चांदीसारखं करण्याची खोडी मुलं करत. ती अजिबात करू नये, पारा विषारी आहे. तांब्यावर जस्ताचा थर चढवून ते तापवलं की वर पितळ तयार होतं आणि नाणं सोनेरी दिसतं. रसायनशास्त्राचं हे नेहमीचं प्रात्यक्षिक आहे. आणि विजेवर चालणारा मुलामा तर कुठलाही कारागीर देतो.

हे ओळखायचं कसं, याचा सर्वांत शिकवणारा दाखला अमेरिकेचा. युद्धासाठी तांबं वाचवायचं म्हणून १९४३ मध्ये तिथला एक सेंट जस्त चढवलेल्या पोलादात पाडला. एक अब्जाहून जास्त नाणी निघाली, सगळी पांढरी. पण आदल्या वर्षाच्या काही ब्राँझच्या कोऱ्या चकत्या टांकसाळीत अडकून राहिल्या होत्या आणि त्या नव्या सालाच्या ठशाखाली गेल्या. अशी मोजकीच नाणी आज माहीत आहेत. फोर्ड अशा नाण्याच्या बदल्यात मोटार देतो, अशी अफवा तेव्हा पसरली. मग लोकांनी पोलादी सेंटवर तांबं चढवलं आणि १९४८ च्या नाण्यावरचा ८ कापून ३ केला. पहिली लबाडी चुंबक पकडतो, कारण वर तांबं असलं तरी आत पोलादच. काटाही पकडतो: पोलादी सेंट २.७ ग्रॅमचा, ब्राँझचा ३.११ ग्रॅमचा, आणि मुलाम्याचा पातळ थर ही तफावत भरून काढू शकत नाही. दुसरी लबाडी वजनात बसते. तिला भिंगाखाली आकड्याचं वळण पाहावं लागतं.

आपल्या पाच रुपयांना हाच नियम लागू होतो. २००७ चं पाच रुपयांचं नाणं स्टीलचं आणि पांढरं. २००९ पासून निकेल-पितळेचं, पिवळं. कुणी २००७ चं सोनेरी नाणं दाखवलं तर आधी चुंबक लावा. चिकटलं तर वर मुलामा आहे. मात्र चुंबक सरसकट वापरू नये. शुद्ध निकेलही त्याला चिकटतं, म्हणून १९४६-४७ चा वाघाचा पाव रुपया आणि दशमान पद्धतीतले सुरुवातीचे २५ पैसे अस्सल असूनही ओढले जातात. तांबं-निकेलचं नाणं ओढलं जात नाही. चुंबकानंतर कड पाहावी, आणि झिजलेले उंचवटे. खरी झीज झालेल्या नाण्यावर उंचवट्याचा आणि खोलगटाचा रंग वेगळा पडतो. मुलामा मात्र जुन्या ओरखड्यांच्या आतही सारखाच उतरलेला असतो.

ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेला जाहीर करावं लागलं की जुनी नाणी-नोटा घेण्यासाठी ती कुणालाही अधिकार देत नाही, कमिशन मागत नाही. "पिवळं नाणं लाखाला" सांगत आधी शुल्क भरायला लावणाऱ्यांनी साध्या माणसांचे कष्टाचे पैसे नेले आहेत, आणि याचा मला मनापासून संताप येतो.

डबीत आणखी एक नाणं निघण्याची शक्यता असते: सोन्याचं पाणी दिलेला राणीछाप रुपया, वर कडी डाखलेला. संग्राहक तो बाजूला ठेवेल, कारण डाखाचा डाग आणि मुलामा दोन्ही नाण्याला बाधक. पण तो कुणाला फसवायला रंगवलेला नव्हता. पुतळीची माळ परवडत नव्हती अशा घरातल्या बाईच्या गळ्यात तो होता. कडीच्या आतल्या बाजूला धाग्यानं घासून सोनेरी थर उडालेला असतो आणि खालची चांदी दिसते.