सोल युवा यात्रा २०२७: तरुणांसोबत जाणाऱ्यांची पात्रता आणि कागदपत्रे

कॅथलिक तरुणांचा ‘जागतिक युवा दिन’ हा आंतरराष्ट्रीय मेळावा ३ ते ८ ऑगस्ट २०२७ या काळात दक्षिण कोरियातील सोल येथे होणार आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागातून मुलामुलींना घेऊन जाऊ इच्छिणाऱ्या पालकांनी, शिक्षकांनी आणि पॅरिशमधील (स्थानिक चर्चच्या क्षेत्रातील) युवा मार्गदर्शकांनी कागदपत्रांची तयारी लवकर सुरू करावी. अशा यात्रा बहुधा पैशांपेक्षा कागदांपायी अडतात. इच्छुकांनी आधी आपल्या पॅरिशच्या फादरांना भेटावे, कारण धर्मप्रांताच्या (बिशपांच्या अखत्यारीतील प्रदेशाच्या) गटातून जाणे हाच सर्वांत सुरक्षित मार्ग आहे. भेटीला जाताना मुलाचा बाप्तिस्म्याचा दाखला सोबत न्यावा.

सोबत जाणारी व्यक्ती मुलांच्या नात्यातली असण्यापेक्षा पॅरिशला आणि पालकांना नीट माहीत असलेली, प्रकृतीने धडधाकट आणि संपूर्ण प्रवासभर गटाबरोबर राहू शकणारी असावी. गटात मुली असतील तर किमान एक जबाबदार स्त्री सोबत असलीच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. चारित्र्य पडताळणीच्या बाबतीत मात्र अनेकांची गल्लत होते. पासपोर्ट कार्यालयाकडून मिळणारे पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट परदेशातील नोकरी, वास्तव्य किंवा दीर्घ मुदतीच्या व्हिसासाठी असते आणि पर्यटन व्हिसावर जाणाऱ्यांना ते दिले जात नाही. त्यामुळे पॅरिशने पडताळणी मागितल्यास कर्नाटक पोलिसांकडे ‘सेवा सिंधू’ या राज्य सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवरून अर्ज करावा. पोक्सो कायदा, २०१२ (लैंगिक अत्याचारांपासून बालकांच्या संरक्षणाचा कायदा) नुसार १८ वर्षांखालील प्रत्येक जण बालक ठरतो आणि लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यास ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, हेही या व्यक्तीला ठाऊक असायला हवे.

अल्पवयीन मुलांच्या पासपोर्टकडे सर्वाधिक लक्ष द्यावे लागते. १८ वर्षांखालील मुलांचा पासपोर्ट सामान्यतः ५ वर्षांसाठी किंवा वय १८ पूर्ण होईपर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोपर्यंत, वैध असतो. जानेवारी २००९ मध्ये जन्मलेल्या मुलीने असा पासपोर्ट काढला असेल तर तो उशिरात उशिरा जानेवारी २०२७ मध्येच, म्हणजे यात्रेच्या कित्येक महिने आधी, संपेल. १५ ते १८ वयोगटातील अर्जदारांना १० वर्षांच्या मुदतीचा पर्याय उपलब्ध असतो. साध्या ३६ पानी पासपोर्टसाठी त्याचे शुल्क १५०० रुपये, तर मुलांच्या मर्यादित मुदतीच्या पासपोर्टचे १००० रुपये आहे. पाचशे रुपयांचा फरक पाहू नये, १० वर्षांचाच घ्यावा. मुलांच्या अर्जासोबत आई-वडील दोघांच्या सहीचे परिशिष्ट ‘डी’ (पालकांचे घोषणापत्र) द्यावे लागते. वडील आखातात किंवा जहाजावर नोकरीला असतील, तर त्यांची संमती कोणत्या स्वरूपात हवी याची चौकशी अपॉइंटमेंट घेण्यापूर्वीच करावी.

पासपोर्टसाठी बेळगावच्या पोस्ट ऑफिस पासपोर्ट सेवा केंद्रात किंवा हुबळीच्या सेवा केंद्रात जाता येते. अर्ज देशातील कोणत्याही केंद्रात करता येत असला, तरी पोलीस पडताळणी अर्जात लिहिलेल्या सध्याच्या पत्त्यावर होते. घर महाराष्ट्रातील चंदगड तालुक्यात आणि शिक्षण बेळगावच्या वसतिगृहात, अशी स्थिती असलेल्यांनी म्हणूनच पत्ता विचारपूर्वक लिहावा.

आपल्याकडच्या ख्रिस्ती कुटुंबांत नावांची विसंगती ही मोठी अडचण असते. बाप्तिस्म्याच्या नोंदीत ‘आंतोनियो’, एसएसएलसीच्या (कर्नाटकातील दहावीच्या) मार्क्स कार्डावर ‘अँथनी’, आणि आधारवर ‘डिसोझा’ फुटून ‘डि’ वेगळा, असे तीन कागद एकाच मुलाचे असतात. आधी आधार आणि मार्क्स कार्ड जुळवून घ्यावे, मग पासपोर्टचा अर्ज भरावा. त्यानंतर नावनोंदणी, व्हिसा आणि विमान तिकीट या सर्वांत पासपोर्टवरील अक्षरेच जशीच्या तशी उतरवावीत.

पालकांचे संमतीपत्र इंग्रजीत, ई-स्टॅम्प पेपरवर, नोटरीसमोर करून घ्यावे. त्यात मुलाचे नाव व पासपोर्ट क्रमांक, प्रवासाच्या तारखा, सोबत जाणाऱ्या व्यक्तीचे नाव व तिचा पासपोर्ट क्रमांक यांसह, तातडीच्या प्रसंगी वैद्यकीय उपचारांना संमती देण्याचा अधिकार त्या व्यक्तीला दिल्याचे स्पष्ट वाक्य असावे. रुग्णालयात पोहोचल्यावर हेच वाक्य उपयोगी पडते. मुलाला नियमित औषधे चालू असतील तर डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठीही त्याला जोडावी.

भारतीय नागरिकांना कोरियासाठी व्हिसा लागतो, आणि गट एकत्र जात असला तरी कागदपत्रे प्रत्येकाची स्वतंत्र ठेवावीत. महाविद्यालयाचे बोनाफाईड, खर्च उचलणाऱ्या पालकाचे बँक स्टेटमेंट आणि नाते सिद्ध करणारा जन्मदाखला तयार असावा. जुना दाखला हस्तलिखित किंवा केवळ कन्नडमध्ये असेल, तर आई-वडील दोघांची नावे इंग्रजीतही असलेली नवी प्रत जन्मनोंदणी कार्यालयातून आधीच काढून घ्यावी.