उभ्या स्कूटरचा घसा का बसतो?

‘फक्त 9,000 किलोमीटर चाललेली, सहा वर्षे घराखाली उभी, त्यामुळे इंजिन नव्यासारखे’ अशा धर्तीची जाहिरात जुन्या स्कूटरच्या बाजारात हमखास वाचायला मिळते. तिच्यातील ‘त्यामुळे’ या शब्दाला माझी हरकत आहे. गाडी चालली नाही म्हणजे पिस्टन आणि सिलिंडर एकमेकांवर घासले नाहीत, एवढेच त्यातून सिद्ध होते. पेट्रोल, हवा, धातू आणि रबर यांच्यातील रासायनिक क्रिया मात्र गाडी उभी असतानाही चालूच राहतात.

1972 मध्ये बाजारात आलेल्या आणि एकेकाळी नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागणाऱ्या बजाज चेतकच्या टू-स्ट्रोक (पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून चालणाऱ्या) गाड्या आजही महाराष्ट्रातील कित्येक पार्किंगमध्ये धूळ खात उभ्या आहेत. तशीच एक गेल्या वर्षी माझ्याकडे आली. उजव्या बाजूचे झाकण काढून कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग, उघडला, तेव्हा फ्लोटच्या कप्प्यात, म्हणजे त्यातील पेट्रोल साठवणाऱ्या छोट्या वाटीत, पेट्रोल नव्हतेच. तळाशी मधाच्या रंगाचा चिकट थर होता आणि त्याला जुन्या व्हार्निशसारखा आंबूस वास येत होता. गाडी का बंद पडली, याचे बहुतेक उत्तर त्या थरातच होते.

पेट्रोल हा एक पदार्थ नसून शेकडो हायड्रोकार्बनांचे मिश्रण आहे. त्यांतील काही सुमारे 30 अंश सेल्सियसला उकळतात, तर काहींना 200 अंशांच्या आसपास तापमान लागते. थंड इंजिन किक मारताच पेटते ते या हलक्या, चटकन वाफ होणाऱ्या घटकांच्या जोरावर, आणि उभ्या गाडीतून सर्वांत आधी उडून जातात तेही हेच घटक. मागे राहिलेल्या जड भागातील काही रेणूंमध्ये कार्बनचे दुहेरी बंध असतात. हवेतील ऑक्सिजन तेथे हल्ला करतो, पेरॉक्साइडे तयार होतात, त्यांच्यापासून मुक्त मूलके, म्हणजे चटकन दुसऱ्याशी जोडले जाणारे रेणूंचे तुकडे, निर्माण होतात आणि एका रेणूने पुढच्याला ओढत नेणारी साखळी सुरू होऊन अखेर लांबलचक, चिकट रेणू तयार होतात. यालाच इंधनातील ‘गम’ म्हणतात. तांबे या क्रियेला वेग देते, आणि कार्बोरेटरमधील जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारी बारीक छिद्राची नळी, पितळेचा, म्हणजे तांबे आणि जस्ताचाच असतो. शिवाय टू-स्ट्रोक गाडीच्या पेट्रोलमध्ये मिसळलेले ऑइल उडून जात नाही. पेट्रोलचा कॉक उघडा राहिला असेल, तर आटलेल्या जागी टाकीतून नवे पेट्रोल येते, तेही आटते, आणि गुऱ्हाळातील कढईप्रमाणे कप्प्यातील राब दिवसेंदिवस घट्ट होत जातो.

आता या थराचा परिणाम मोजून पाहू. गाडी सुरू होताना आणि मंद चालताना ज्यातून पेट्रोल येते, त्या स्लो जेटचे छिद्र साधारण 0.5 मिलिमीटर व्यासाचे असते. त्याच्या कडेला सर्वत्र केवळ 0.05 मिलिमीटर थर बसला, तर व्यास 0.4 उरतो, पण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गावर ठरत असल्यामुळे ते 36 टक्क्यांनी घटते. मार्ग लांब आणि अरुंद असेल, तर द्रवाच्या चिकटपणामुळे प्रवाह व्यासाच्या चौथ्या घातावर ठरू लागतो, आणि तोच थर जवळजवळ 59 टक्के प्रवाह अडवतो. पूर्ण ज्वलनासाठी एक भाग पेट्रोलला वजनाने 14.7 भाग हवा लागते; पेट्रोल एवढे कमी पडले की प्लगला उत्तम ठिणगी असूनही मिश्रण पेटत नाही.

म्हणूनच जेटमध्ये तार घालू नये. पोलाद पितळेपेक्षा कठीण असते, 0.48 मिलिमीटरचे छिद्र खरवडून 0.52 झाले, तर क्षेत्रफळ 17 टक्क्यांनी वाढते आणि पुढे गाडी कायम धूर ओकत राहते. कार्बोरेटर क्लीनरमध्ये भिजवून हवेच्या झोताने फुंकणे पुरेसे असते.

स्कूटर तिरपी करण्याचा जुना उपायही या अडचणीवर चालत नाही. तिरपी केल्याने कप्प्यातील पेट्रोल ओसंडून मिश्रण क्षणभर श्रीमंत होऊ शकते, म्हणजे त्यात पेट्रोलचे प्रमाण वाढू शकते. बुजलेले छिद्र त्याने उघडत नाही. दुसऱ्या हाताची गाडी घरी आणताना चाकाखाली लिंबू चिरडण्याची प्रथाही इंजिनापर्यंत पोहोचत नाही. मात्र लिंबातील सायट्रिक आम्ल, म्हणजे वाण्याकडे मिळणारे लिंबूसत्त्व, पाण्यात विरघळवून गंजलेल्या टाकीत रात्रभर ठेवले, तर ते लोहाच्या ऑक्साइडला विरघळवून बाहेर काढते. नंतर टाकी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन, लगेच वाळवून आतून ऑइल फिरवावे, नाहीतर उघडे पडलेले पोलाद काही तासांतच पुन्हा गंजू लागते.

पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलने गाड्या खराब होतात, ही ओरड बरीच अतिरंजित आहे, तरी उभ्या गाडीच्या बाबतीत तिच्यात तथ्य आहे. इथेनॉल हवेतील बाष्प शोषते आणि पाणी मर्यादेपलीकडे गेले की इथेनॉल व पाण्याचा थर वेगळा होऊन तळाशी बसतो. कॉकची नळी पेट्रोल उचलते तेही तळाजवळूनच.

बाकीची कामे सरळ आहेत. जुने पेट्रोल उघड्यावर, विस्तवापासून दूर काढून टाकावे. प्लग काढून सिलिंडरमध्ये ऑइलचे थोडे थेंब सोडावेत, तासाभराने किक हाताने हळू दाबून पिस्टन मोकळा आहे ना ते पाहावे. अडकलेल्या पिस्टनवर पायाचा जोर लावला की रिंगा तुटतात. ब्रेकच्या केबल आणि तडे गेलेले टायर बदलल्याशिवाय गाडी रस्त्यावर नेऊ नये.

माझी स्कूटर सातव्या किकला सुरू झाली, पण पाचच मिनिटांत तिचे आरपीएम आपोआप चढू लागले. टू-स्ट्रोक इंजिनात मिश्रण क्रँककेसमधून, म्हणजे पिस्टनखालच्या बंद पेटीतून, वर जाते, आणि मॅग्नेटोकडचे (ठिणगीसाठी वीज तयार करणाऱ्या चाकाकडचे) रबरी ऑइल सील कडक होऊन फटीतून हवा ओढू लागले की मिश्रण पातळ होऊन, म्हणजे त्यात हवा जास्त होऊन, नेमके असेच होते. किल्ली बंद केली. सील बदलायचे म्हणजे मॅग्नेटो उतरवावा लागेल, आणि तो ओढून काढण्याचे अवजार, म्हणजे पुलर, सध्या शेजारच्या गॅरेजवाल्याकडे आहे.