कॅन्सर ‘होणं’ आणि कॅन्सरने ‘जाणं’: एकाच शब्दात कोंबलेले दोन आकडे

“श्रीमंत देशांत आतड्याचा कॅन्सर जास्त, गरीब देशांत कमी. म्हणजे हा सुखवस्तू लोकांचा आजार.” हे विधान मी इतक्या लेखांत आणि फॉरवर्डमध्ये वाचलंय की आता ते दिसलं की मी एकच प्रश्न विचारते: काय जास्त? रुग्ण की मृत्यू? बहुतेक वेळा लिहिणाऱ्याने तो विचारच केलेला नसतो. ‘कॅन्सरचं प्रमाण’ असा एक ऐसपैस शब्द वापरायचा आणि त्यात दोन्ही आकडे कोंबायचे, ही सवय मोडायला हवी. पचनसंस्थेच्या कॅन्सरबाबत तर हमखास, कारण देशाच्या आर्थिक स्थितीशी या दोन आकड्यांचं नातं एकसारखं नाही.

मृत्युदर सगळ्यांना कळतो. वर्षभरात दर 1 लाख लोकांमागे त्या कॅन्सरने किती जण गेले, एवढाच त्याचा अर्थ. त्यावर वेळ घालवत नाही.

घोळ होतो तो नव्या रुग्णांच्या दरात. वर्षभरात दर 1 लाख लोकांमागे किती जणांना कॅन्सर झाला, असा त्याचा अर्थ लावला जातो. खरं तर तो किती जणांना कॅन्सर असल्याचं निदान झालं आणि त्याची नोंद झाली, हे सांगतो. ‘झाला’ आणि ‘सापडला’ यांच्यामध्ये दवाखाना असतो, दुर्बीण असते, तपासणीचा खर्च असतो, कामावरून सुट्टी मिळण्याची सोय असते. म्हणून या एका आकड्यात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात: लोक गेली वीस-तीस वर्षं कसे जगले आणि आज त्यांना तपासायला कोणी आहे का.

जठराच्या कॅन्सरचं उदाहरण घेऊ. जपान, दक्षिण कोरिया आणि मंगोलिया हे तिन्ही देश नव्या रुग्णांच्या दरात जगात अगदी वरच्या टोकाला आहेत. कारणंही बरीचशी सारखी: हेलिकोबॅक्टर पायलोरी या जीवाणूची लहानपणी झालेली लागण आणि आहारातलं जास्तीचं मीठ. फक्त हा आकडा पाहिला तर तिन्ही देश एकाच रांगेत बसतात. आता मृत्युदराची यादी काढा. मंगोलिया वरच राहतो. जपान आणि कोरिया कितीतरी खाली उतरतात.

मधल्या फरकाला नाव आहे, तारीखही आहे. जपानमध्ये जठराची सामूहिक तपासणी 1960 च्या दशकापासून सुरू आहे. दक्षिण कोरियाने 1999 मध्ये राष्ट्रीय तपासणी कार्यक्रम सुरू केला आणि त्याची सुरुवात सरकारी वैद्यकीय मदतीवर असलेल्या गरीब लोकांपासून केली. आज तिथे चाळिशीनंतर दर दोन वर्षांनी जठराची तपासणी होते. कॅन्सर जठराच्या आतल्या अस्तरापुरताच असताना सापडला, तर पोट न उघडता दुर्बिणीतूनच तो कापून काढता येतो. कोरियात 2010 ते 2014 या काळात निदान झालेल्या रुग्णांपैकी जवळपास 69 टक्के पाच वर्षांनंतर हयात होते. बहुतेक देशांत हे प्रमाण 20 ते 40 टक्क्यांच्या घरात आहे.

उलट जिथे तपासणी पोचलेली नाही, तिथे माणूस डॉक्टरकडे जातो तो दोन घास खाल्ले की पोट भरल्यासारखं वाटायला लागतं, वजन उतरतं, शौच काळी होते तेव्हा. त्या दिवशी त्याचं नाव ‘नवा रुग्ण’ म्हणून नोंदलं जातं. कोरियात ज्याच्या अस्तरावर नुसता फिकट डाग दिसला, तोही ‘नवा रुग्ण’च. नोंदवहीत दोघांची किंमत एक.

इथे आणखी एक अडचण आहे. तपासणी वाढली की नवे रुग्ण वाढलेले दिसतात, असं सरसकट म्हणता येत नाही. जठराच्या बाबतीत तपासणी लपलेला कॅन्सर शोधून काढते. मोठ्या आतड्याच्या बाबतीत ती अनेकदा कॅन्सर होऊच देत नाही. तिथे आधी पॉलिप वाढतो, आतल्या भिंतीवर आलेल्या मोडासारखा. त्याचा कॅन्सर व्हायला साधारण 10 वर्षं किंवा त्याहून जास्त काळ लागतो. कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी, करताना तो दिसला की डॉक्टर त्याच्या देठाभोवती तारेचा फास आवळतात आणि तो कापून काढतात. त्या माणसाचं नाव कॅन्सरच्या नोंदवहीत कधी चढतच नाही. अमेरिकेत 1980 च्या दशकाच्या मध्यापासून मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचे नवे रुग्ण घटत गेले, त्यात या फासाचा मोठा वाटा आहे. म्हणजे सुबत्ता आधी हा आकडा वर नेते, कारण बसून राहणं, स्थूलपणा, दारू आणि प्रक्रिया केलेलं मांस वाढतं. मग तीच सुबत्ता तपासणीच्या रूपाने तो खालीही आणते. ‘श्रीमंती वाढली की कॅन्सर वाढतो’ ही सरळ रेष मला म्हणूनच मान्य नाही.

मग सुरुवातीच्या विधानात तथ्य किती? 2020 च्या जागतिक अंदाजांनुसार विकसित देशांत मोठ्या आतड्याच्या आणि गुदाशयाच्या कॅन्सरच्या नव्या रुग्णांचा दर विकसनशील देशांच्या सुमारे 4 पट होता. मृत्युदरातली तफावत मात्र बरीच कमी. कारण उघड आहे: कमी उत्पन्नाच्या देशांत हा कॅन्सर कमी जणांना होतो, पण ज्यांना होतो त्यांच्यातले जास्त जण दगावतात. पहिलंच वाक्य वाचून ‘सुखवस्तूंचा आजार’ म्हणणारे दुसरं वाक्य गाळतात, आणि गरीब रुग्ण नेमका त्या दुसऱ्या वाक्यात असतो.

दोन्ही आकडे हाताशी असतील तर मी मृत्यूंना नव्या रुग्णांनी भागून पाहते. 2022 मध्ये जगभरात मोठ्या आतड्याच्या आणि गुदाशयाच्या कॅन्सरचे 19 लाखांहून थोडे जास्त नवे रुग्ण आणि सुमारे 9 लाख मृत्यू होते. भागाकार साधारण 0.47. जठराचा 0.68. हा भागाकार मला फार उपयोगी वाटतो, पण त्याला ‘मरण्याची शक्यता’ म्हणू नका. या वर्षी गेलेले रुग्ण बहुधा आधीच्या वर्षांत निदान झालेले असतात. शिवाय जिथे नोंदवहीच धड नाही तिथे निदानाची नोंद सुटते, मृत्यूची होते, आणि भागाकार 1 च्याही वर जातो. असा आकडा दिसला तर तो आजाराबद्दल कमी आणि नोंदीबद्दल जास्त सांगतो.

बाकीचे फरक पटकन. ‘सध्या आजारी किती’ हा तिसराच आकडा असतो. उपचार चांगले असले, लोक जगले, तर तो फुगतो, म्हणून तुलनेला नको. वयाचा हिशेब न केलेले दर देशादेशांत ताडून पाहू नका. म्हाताऱ्या देशात कॅन्सर जास्तच दिसणार. त्यासाठी जपानी संशोधक सेगी यांनी 1960 मध्ये मांडलेली प्रमाण लोकसंख्या (सगळ्या देशांचे दर ताडायला धरलेली एकच ठरावीक वयरचना) थोड्या फेरफारासह आजही वापरतात. आणि ‘कॅन्सरची लागण’ कृपा करून लिहू नका. लागण जीवाणूची किंवा विषाणूची होते, कॅन्सरची नाही.

‘पोटाचा कॅन्सर’ हा शब्दही मला खटकतो. मराठीत जठर, आतडं, यकृत, स्वादुपिंड सगळं त्यात जातं, आणि आर्थिक बाजू समजून घ्यायची तर हे अवयव वेगळेच ठेवावे लागतात. जठराचा कॅन्सर विसाव्या शतकात बऱ्याच देशांत आपसूक घटला; फ्रिज आला, खारवलेलं अन्न कमी झालं, घरं कमी दाटीची झाली. अन्ननलिकेत तर एकाच अवयवात दोन वेगळे आजार आहेत: एक इराणच्या उत्तर भागापासून चीनपर्यंतच्या पट्ट्यात आणि पूर्व आफ्रिकेत, गरिबीच्या जोडीने, दुसरा पाश्चात्त्य देशांत, स्थूलपणा आणि छातीतल्या जळजळीच्या जोडीने.

श्रीमंत देश आणि श्रीमंत माणूस यांचीही गल्लत होते. अमेरिकेत एके काळी मोठ्या आतड्याच्या कॅन्सरने सधन भागांत जास्त लोक मरत. विसाव्या शतकाच्या अखेरीस ते उलटलं. आज मिसिसिपी नदीच्या खालच्या खोऱ्यासारख्या गरीब भागांत मृत्युदर ठळकपणे जास्त आहे. देश तोच, कॅन्सर तोच. तारेचा फास कोणापर्यंत पोचला, हा मोठा फरक.

यकृताच्या कॅन्सरमध्ये मात्र मी इतका वेळ ताणून धरलेला हा भेद जवळजवळ पुसला जातो. 2022 मध्ये सुमारे 8.7 लाख नवे रुग्ण, 7.6 लाख मृत्यू. निदान आणि मृत्यू यांच्यात फट इतकी कमी की कोणताही आकडा घ्या, चित्र फारसं बदलत नाही. इथे पैसा कामी येतो तो आजाराच्या आधी. तैवानने जुलै 1984 पासून नवजात बाळांना हिपॅटायटिस बी या यकृताच्या कॅन्सरला कारण ठरणाऱ्या विषाणूविरुद्धची लस द्यायला सुरुवात केली. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांमधला यकृताचा कॅन्सर 1981 ते 1986 मध्ये दर 1 लाखामागे 0.70 होता, 1990 ते 1994 मध्ये तो 0.36 वर आला.