मृगजळाखालचं पाणी

"बाबाले पहिलेच माहीत व्हतं!" भुसावळच्या एका लग्नात एक काका ठासून सांगत होते. भविष्य सांगणाऱ्या कुणा बाबाने वळीव येणार म्हटलं आणि आला. मे महिन्यात रोज ‘येणार’ म्हणणाऱ्याचं एखाद्या दिवशी खरं होणारच, ते सोडा. मी अडकलो ‘माहीत’ या शब्दापाशी.

तत्त्वज्ञानात अशा शब्दाची चिरफाड करायची रीत आहे, संकल्पना-विश्लेषण. व्याख्या मांडायची आणि मग तिला बुडवणारं उदाहरण शोधत सुटायचं. आपल्या न्यायशास्त्रात, म्हणजे जुन्या तर्कशास्त्रात, व्याख्येच्या दोषांना नेमकी नावं आहेत. ‘भरीत म्हणजे वांग्याची भाजी’ म्हटलं की भरली वांगीही आत घुसतात, ही अतिव्याप्ती. ‘कपाशीच्या पऱ्हाट्यांवर भाजलं तेच भरीत’ म्हटलं की गॅसवरचं बाहेर राहतं, ही अव्याप्ती. (आमच्या आजीच्या मते हा दोष नव्हेच.)

‘माहीत असणे’ची जुनी व्याख्या प्लेटोच्या ‘थिएटेटस’ संवादात चर्चेला आली आहे. माणसाचा तसा विश्वास हवा, गोष्ट खरी हवी आणि विश्वासाला सबळ कारण हवं. बाबा तिसऱ्या अटीवरच गळाला.

आता खरी गंमत. आमच्या जळगाव-भुसावळ रस्त्यावर भर दुपारी डांबरालगतची हवा तापून विरळ होते, वरची त्या मानाने दाट राहते. आकाशाकडून तिरपा येणारा प्रकाश या थरांतून वळत वळत पुन्हा वर उचलला जातो आणि डोळ्यांत शिरतो. पाणी वाटतं ते असतं आकाश. आठव्या शतकातल्या धर्मोत्तर या बौद्ध तर्कपंडिताचा वाटसरू असंच मृगजळ पाहून ‘तिथे पाणी आहे’ म्हणत जातो, आणि तिथे खडकाखाली खरोखर पाणी निघतं! विश्वास होता, पाणी होतं, डोळ्यांनी पाहिल्याचं कारणही होतं. तरी ‘त्याला माहीत होतं’ म्हणायला जीभ वळत नाही. अतिव्याप्ती. १९६३ साली एडमंड गेटियर या अमेरिकी तत्त्वज्ञाने जेमतेम तीन पानांत व्याख्येला हेच भगदाड पाडलं.

मग ठिगळ लावलं: कारणात खोटा दुवा नको. मृगजळ बाद झालं. पण ॲल्विन गोल्डमन या दुसऱ्या अमेरिकी तत्त्वज्ञाने १९७६ साली नवा पेच टाकला. एका भागात कोठारांच्या नुसत्या दर्शनी भिंती उभ्या आहेत, खरं कोठार एकच. गाडीतल्या माणसाची नजर योगायोगाने नेमकी त्यावर पडते आणि तो म्हणतो, ‘ते कोठार’. शेजारच्या नुसत्या भिंतीवर पडली असती तरी तो हेच म्हणाला असता. पण खोटा दुवा कुठेच नाही. मग त्याला माहीत होतं का? गोल्डमन नाही म्हणतो, मी हो म्हणतो. काकांना विचारणार होतो, तेवढ्यात पंगत बसली.