बॅज किरण अडवत नाही, मोजतो

‘छातीवर टीएलडी बॅज लावला की एक्स-रे बाधत नाहीत’ हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. टीएलडी बॅज म्हणजे एक्स-रेजवळ काम करणाऱ्यांना मिळणारा, किरण मोजणारा बिल्ला. सुरक्षेसाठीच मिळत असल्याने तसं वाटणं स्वाभाविक आहे. पण त्यातल्या चकत्या किरणांची ऊर्जा फक्त साठवतात. पुढे प्रयोगशाळेत त्या तापवल्या की प्रकाश निघतो, त्यावरून डोस, म्हणजे अंगाला किती किरण लागले ते, ठरतो. म्हणजे आकडा कळतो तो काम होऊन गेल्यावर. खिशातला इलेक्ट्रॉनिक डोसिमीटर आकडा लगेच दाखवतो, अडवत मात्र तोही नाही.

हातात धरून पाहा: बॅज काही सेंटीमीटरचा, काही ग्रॅमचा, शिशाचा एप्रन काही किलोंचा आणि अंग झाकणारा. अडवतो तो एप्रन. ड्यूटी संपल्यावर बॅज एक्स-रे खोलीत मुळीच टांगू नका, नाहीतर खोलीतला डोस तुमच्या नावावर चढेल.